नाक्यावरचं शहाणपण

हे पुस्तक रद्दीतून निघालं. वाघबीळला आमच्या इमारतीखाली महिन्यातून एका रविवारी रद्दीवाला येतो, पार्किंगच्या खांबाला काटा अडकवतो आणि गठ्ठे चढवायला लागतो. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी सहाव्या मजल्यावरचा माळा रिकामा होऊन खाली आला होता. वर्तमानपत्रं, जुनी कॅलेंडरं, आणि सगळ्यांत वर कापडी पुठ्ठ्याचं, पाठ सुटलेलं एक जाड पुस्तक. रद्दीवाल्यानं ते चाळलं आणि माझ्यासमोर धरलं. "साहेब, हे उलटं शिवलंय." उलटं म्हणजे मागल्या पुठ्ठ्याकडून सुरू होणारं. एका पानावर अनोळखी चौकोनी अक्षरं, समोरच्या पानावर जुन्या वळणाचं मराठी.

मी ते उचललं आणि लिफ्टनं सहाव्या मजल्यावर गेलो. दार उघडणाऱ्या मावशी ऐंशीच्या पुढच्या. पुस्तक बघून त्या आधी खुर्चीत बसल्या आणि मग मुलाच्या नावानं ओरडल्या. "ह्यांचं पुस्तक रद्दीत? रंगकाम काढलंस म्हणून घरातला देव पण काढशील काय रे?" पुस्तक त्यांच्या यजमानांचं, त्याआधी सासऱ्यांचं. घर बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं यहुदी. शेजारी राहून अकरा वर्षं झाली होती आणि मला एवढंच ठाऊक होतं की या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात आणि मटणात दूध-दही पडत नाही, नारळाचा रस पडतो.

त्या दिवसापासून आमचं वाचन सुरू झालं. मावशींना अक्षरं येत होती, नवऱ्याशेजारी उभं राहून कानावर पडलेला उच्चार येत होता, पण अर्थ येत नव्हता. मला समोरचं मराठी वाचता येत होतं, बाकी काही नाही. त्या हिब्रूची ओळ म्हणायच्या, मी मराठीची. खिडकीखाली मेट्रोच्या खांबांमधून ट्रक आणि बस एकमेकांना चिकटून सरकत असायच्या, हॉर्न थांबला की मावशी पुढची ओळ म्हणायच्या. प्रार्थनांची पानं संपल्यावर शेवटी शेवटी 'पिर्के आवोत' लागलं. वाडवडिलांचे अध्याय असा त्याचा अर्थ. इसवी सन २०० च्या आसपास यहूदा हनासी यांनी मिश्ना नावाची कायद्याची मोठी संहिता सिद्ध केली, तिचा हा एक लहानसा भाग. पण यात कायदा जवळजवळ नाहीच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुरुजींनी शिष्यांना काय काय बजावलं, याची ही टाचणं. वल्हांडणाच्या सणानंतरच्या शनिवारांना दुपारी ती वाचायचा रिवाज आहे. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. कर्ज मागणाऱ्याचा चेहरा आणि त्याचे कागद यांच्यातलं अंतर मोजण्यात माझी नोकरी गेली. या टाचणांमधली माणसं मला लगेच ओळखू आली. तिथून मागे जात जात मी नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक या तीन पुस्तकांपर्यंत पोचलो, आणि तिथंच राहिलो. त्यांचं भाषांतर करत करत हे पुस्तक झालं.

मराठी वाचकाला ही नावं ठाऊक असलीच तर ख्रिस्ती बायबलमधली म्हणून ठाऊक असतात. मुळात ती यहुद्यांच्या हिब्रू ग्रंथसंग्रहातली. त्या संग्रहाचे तीन भाग आहेत: नियमशास्त्र, संदेष्टे आणि 'केतुवीम', म्हणजे उरलेलं लेखन. ही तिन्ही या उरलेल्यात. पहिल्या दोन भागांत देव डोंगरावरून बोलतो, समुद्र दुभंगतो, राजे उठतात आणि पडतात. या तीन पुस्तकांत इजिप्तमधून सुटका नाही, सीनाय पर्वत नाही, करार नाही. घर आहे, बाजार आहे, शेजारी आहे, आजारपण आहे, मरण आहे. धर्मग्रंथात इतकं घरगुती काही असेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

या सगळ्याला हिब्रूत 'होखमा' म्हणतात. शब्दकोशात अर्थ दिलेला असतो ज्ञान किंवा शहाणपण. पण हाच शब्द देवाचा निवासमंडप बांधणाऱ्या बसालेल नावाच्या कारागिरासाठी येतो, सूत कातणाऱ्या बायकांसाठी येतो, वादळात सापडलेल्या खलाशांसाठीही येतो. म्हणजे होखमा हातात असते. आपल्याकडे याला कसब म्हणतात. नीट जगणं हे सुतारकामासारखं एक काम आहे. ते कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं, चुकतं, लाकूड वाया जातं, मग जमतं. या पुस्तकाबद्दल मला सांगायचं ते मुख्यतः इतकंच. बाकी सगळं त्याचा पुरावा.

पहिला पुरावा मावशींच्या सासरचाच आहे. बेने इस्रायलांची आठवण अशी की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे ते आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगाव पसरले. गावांची आडनावं झाली: केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर. पुष्कळांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं 'शनवार तेली'. शतकानुशतकं यांच्यापाशी ग्रंथ असे फारसे नव्हतेच. होती ती शमा ही एक प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. मावशींच्या सासऱ्यांनी लहानपणी पाहिलेलं असं की शुक्रवारी दिवेलागणीला घाण्याचा बैल सोडायचे आणि रविवारपर्यंत त्याला जू लागत नसे. नियमच तसा आहे: विसावा धन्याला, गड्याला आणि गुराढोरांनाही. "बैलाला कुठं येतं होय हिब्रू," मावशी म्हणाल्या, "पण शनिवार त्याला पक्का ठाऊक. शुक्रवारी दुपारनंतर तो आपणच हळू चालायचा." ग्रंथ नव्हता तेव्हा कसब होतं. ग्रंथ पुष्कळ नंतर आला.

आता नीतिसूत्रे. एकतीस अध्याय, पण एका हातचे नव्हेत. सात-आठ जुन्या वह्या एकत्र शिवलेल्या दिसतात. त्यांतली सर्वांत मोठी वही शलमोन राजाच्या नावावर आहे. तिच्यात ३७५ सूत्रं भरतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि शलमोनाच्या नावाची चार अक्षरं मिळवली तर ३००, ३०, ४०, ५ अशी बेरीज ३७५ च येते. कुणीतरी संपादकानं ही खतावणी जुळवून मगच वही बंद केली असणार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठा आनंद सांगता यायचा नाही. दुसऱ्या एका वहीवर नोंद आहे की ती यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली. म्हणजे इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपास राजवाड्यात कारकून बसून म्हणी नकलत होते.

आणि एक वही तर परदेशी वळणाची. 'आमेनेमोपेची शिकवण' हे इजिप्तमधलं जुनं लेखन वॉलिस बज यांनी १९२३ मध्ये छापलं, आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एरमान या जर्मन पंडितांनी दाखवून दिलं की नीतिसूत्रांमधला एक सबंध तुकडा त्याच्याशी जुळतो. शेताची हद्द सरकवू नये, गरिबाला लुबाडू नये, तापट माणसाशी गट्टी करू नये, ही सगळी शिकवण दोन्हीकडे. पैसा पंख फुटून उडून जातो, हेही दोन्हीकडे. पण इजिप्तमध्ये तो हंसबदकासारखा उडतो आणि यरुशलेममध्ये गरुडासारखा. उसनं घेताना पक्षी तेवढा आपल्या गावचा घेतला. आपल्या मराठीत पैशाला पंख नाहीत, पाय फुटतात. मला आमचंच बरं वाटतं. पैसा उडताना निदान दिसतो, पायांनी गेलेला महिनाअखेरीलाच कळतो.

नीतिसूत्रांत शहाणपण ही बाई आहे. ती देवळात बसत नाही, गुहेत तपाला जात नाही. रस्ते मिळतात तिथं, वेशीपाशी, गर्दीत उभी राहून ती हाका मारते, आणि लोक आपल्या वाटेनं निघून जातात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माजिवड्याच्या पुलाखाली शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होतो, आणि हाकांची माझ्यापाशी कमतरता नव्हती. 'कासारवडवली एक सीट, कासारवडवली!' शहाणपणाची बाई इथं उभी राहिली असती तर तिलाही असाच घसा फोडावा लागला असता. नीतिसूत्रांच्या लेखकाला नाका ठाऊक होता. खोट्या वजनांबद्दल तो तीन-चारदा चिडून बोलतो. एक दगड घ्यायचा आणि एक द्यायचा, ही चलाखी त्याला देवाविरुद्धचा अपराध वाटते. तेलाच्या मापात अंगठा बुडवणारा कुठल्या गावात नव्हता!

मूर्खांच्या जाती तर त्यानं अशा पाडल्यात की दासबोधातली मूर्खलक्षणं पाठ असलेल्यानं मान डोलवावी. हिब्रूत एका 'मूर्ख' या शब्दावर भागत नाही. 'पेती' म्हणजे कोरा, भोळसट, कुणीही कुठंही वळवावा असा. 'केसील' म्हणजे मठ्ठ आणि वर स्वतःच्या बोलण्यावर खूश. 'एवील' हेकट, अंगावर येणारा. आणि 'लेत्स' म्हणजे टवाळ, ज्याला काहीच मोलाचं वाटत नाही. यातला पहिला शिकवला तर शिकतो, म्हणून हे पुस्तक मुख्यतः त्याच्यासाठी आहे. शेवटच्याच्या वाटेला जाऊ नये असं लेखकाचं स्पष्ट मत. भाषांतर करताना या चौघांना मी चार मराठी शब्द दिले आणि शेवटपर्यंत ते बदलले नाहीत. जुन्या मराठी बायबलांत ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात.

सर्वांत जास्त मला हसू आलं ते जामीनकीच्या सूत्रांवर, आणि त्या हसण्यात आनंद नव्हता. दुसऱ्याच्या कर्जाला हात देऊन अडकला असशील तर आज झोपू नकोस, जा, त्याच्या दाराशी बस, नाक घास, हरीण शिकाऱ्याच्या हातून सुटतं तसा सूट, अशा अर्थाचं तो सांगतो, आणि एकदा सांगून त्याचं समाधान होत नाही. सहा ठिकाणी सांगतो. मी नोकरीत नवा असताना एका सहकाऱ्याच्या कर्जाला, एका पतपेढीत, जामीन राहिलो होतो. चहा पिता पिता सही केली. वर्षभरात तो बदली घेऊन गेला आणि पुढे चार वर्षं माझ्या पगारातून कपात होत राहिली. बायकोला मी ते दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मावशींना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, सहीच्या आधी एकदा शलमोन राजाला तरी विचारायचं!" घोडबंदर रोडवरच्या निम्म्या घरांवर बँकेचा बोजा आहे. प्रत्येक कर्जाच्या फाइलीत हे पान लावावं असं मला अजून वाटतं.

शेवटच्या अध्यायातली कर्तबगार बाईवरची कविता शुक्रवारी रात्री यहुदी घरांत म्हणतात. बावीस ओळी, हिब्रूची बावीस अक्षरं, प्रत्येक ओळ पुढच्या अक्षरानं सुरू. आपल्याकडे क पासून ज्ञ पर्यंत करावी तशी. ती बाई शेत बघून विकत घेते, कापड विणून व्यापाऱ्याला घालते, रात्री उशिरापर्यंत तिच्या घरात उजेड असतो. मावशी तीस वर्षं नर्स होत्या. उजेडाच्या ओळीपाशी आल्या की थांबून म्हणायच्या, "रात्रपाळी."

मात्र नीतिसूत्रे वाचून संपवावं आणि हिब्रू शहाणपण कळलं म्हणावं, तर फसगत होते. ते पुस्तक फार आश्वस्त आहे. सरळ वाग, कष्ट कर, तोंड आवर, म्हणजे भलं होईल. कुणाचं झालं? हा प्रश्न विचारणारी दोन पुस्तकं त्याच संग्रहात, त्याच्याच शेजारी बसवलेली आहेत, आणि संग्रह करणाऱ्यांनी त्यातलं एकही काढून टाकलं नाही. इतकंच नव्हे, नीतिसूत्रांमध्येच लागून आलेली दोन सूत्रं एकमेकांच्या विरुद्ध आहेत: एकात मूर्खाला त्याच्या पद्धतीनं उत्तर देऊ नये म्हटलंय, लगेच पुढच्यात द्यावं म्हटलंय. तल्मूद या मिश्नेवरच्या चर्चाग्रंथात नोंद आहे की अशा विसंगतींमुळे नीतिसूत्रे आणि उपदेशक ही पुस्तकं बाजूला ठेवून द्यावीत असं काही पंडितांच्या मनात होतं. मग त्यांनी तोड काढली की एक सूत्र धर्मचर्चेतल्या मूर्खासाठी आणि दुसरं व्यवहारातल्या. मला तोड पटत नाही. सुताराला विचारा, रंधा पुढून मारायचा की मागून? तो लाकूड बघून सांगेल. दोन्ही सूत्रं खरी आहेत. कोणतं कधी, ते कळणं म्हणजेच होखमा.

ईयोबावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, तेव्हा इथं थोडक्यात. सज्जन माणूस, धनधान्य, मुलंबाळं. एका दिवसात सगळं जातं, मग अंगावर गळवं येतात. तीन मित्र भेटायला येतात, त्याला ओळखूही शकत नाहीत, आणि त्याच्याबरोबर सात दिवस सात रात्री जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. त्यांचं सगळं चुकतं ते तोंड उघडल्यावर. मग अध्यायामागून अध्याय ते त्याला नीतिसूत्रांचंच ज्ञान ऐकवतात: तू काहीतरी केलं असशील, त्याशिवाय असं होत नाही. कथेच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की खरं ईयोब बोलला. देवाला जाब विचारणारा ईयोब! धर्माची बाजू घेणाऱ्यांना धर्मग्रंथानंच खोटं पाडावं, हे मला दुसरीकडे सहसा आढळलेलं नाही.

यहुदी घरात मृत्यूनंतर सात दिवस घरचे लोक खाली बसतात आणि भेटायला आलेल्यानं दुःखी माणूस बोलेपर्यंत आपण बोलू नये असा दंडक आहे. तल्मूदनं तो ईयोबाच्या मित्रांच्या त्या गप्प बसण्यावरूनच काढला. मावशींचा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मला हा दंडक तेव्हा ठाऊक नव्हता. जाताना लिफ्टमध्ये मी वाक्यं जुळवत होतो, वय झालं होतं, सुटले बिचारे, वगैरे. आत कुणीच काही बोलत नव्हतं. शेजारी एक वृद्ध गृहस्थ नुसते बसले होते. पाऊण तासानं उठले, दाराच्या चौकटीला हात लावला आणि गेले. माझी वाक्यं तोंडातच राहिली. आपल्याकडच्या सांत्वनात आपण किती बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी ईयोबाचं सगळं दुपटीनं परत येतं, हा शेवट पुष्कळांना खोटा वाटतो. मलाही वाटतो. पण त्यातली एक बारीकशी गोष्ट बघा. नव्या सात मुलग्यांची नावं दिलेली नाहीत. तीन मुलींची दिली आहेत. यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. म्हणजे कबुतरी, दालचिनी आणि काजळाची डबी. आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वारसा दिला असं मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडलं. सगळं गमावून बसलेल्या माणसाला काय शिकायला मिळालं असेल, तर मला वाटतं हे.

उपदेशक लहान आहे आणि त्याबद्दल फार लिहू नये, तो वाचावा. हिब्रूत नाव कोहेलेत, सभा भरवणारा. त्याचा लाडका शब्द 'हेवेल', अडतीस वेळा येतो. मराठी बायबलांनी 'व्यर्थ' केलं आणि तिथं गोंधळ झाला, कारण मराठी कान लगेच मायेकडे वळतो. हेवेल म्हणजे वाफ, श्वास. खोटी नव्हे, खरीच, पण मुठीत न येणारी. डिसेंबरात पहाटे गायमुखच्या बाजूला खाडीवरून धुकं चढतं, रस्ता, ट्रक, येऊरचा डोंगर सगळं गिळतं, आणि नऊ वाजता तिथं काही नसतं. मी सगळीकडे 'वाफ' ठेवलंय. कोहेलेत जग सोडायला सांगत नाही. पुन्हा पुन्हा सांगतो: जेव, पी, कामात रम, बायकोबरोबर सुखानं राहा. वैराग्याच्या वाटेनं जाणाऱ्या वाचकाची तो निराशा करील.

आता हे सारं मराठीत कसं आलं? जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्रायलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं ते १८३२ मध्ये. हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी हिब्रू आणि मराठी जोडीनं शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत तर बायका लुगडी नेसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी एकामागून एक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी कीर्तनं सुरू केली, आख्यानं अब्राहाम-योसेफाची. सणांची नावं तर निखळ मराठी: वर्षारंभाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या उपासाला दरफाळणीचा सण, आणि यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं.

दुसरा रस्ता पंडिता रमाबाईंचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी सबंध बायबल मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर आला. शहाणपण ही बाई आहे आणि नाक्यावर हाका मारते, हे मराठीत लिहिताना रमाबाईंच्या मनात काय आलं असेल! उभ्या हिंदुस्थानात व्याख्यानं देत फिरलेली, आणि मग पुण्याच्या सोवळ्यानं कान बंद करून घेतलेली ती बाई.

या पुस्तकाच्या शेवटी मी बेन सिराची काही पानं घेतली आहेत. यरुशलेममधला हा गुरुजी, इसवी सनापूर्वी १८० च्या आसपासचा. त्याचं पुस्तक यहुदी संग्रहात गेलं नाही, पण कॅथलिकांच्या बायबलात आहे; घोडबंदरच्या खाडीपलीकडे वसईतली घरं ते आपल्याच ग्रंथात वाचतात. जामीनकीवर तो शलमोनाच्या पुढे जातो: भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतोच, पण यानं कित्येक बुडालेत, तेव्हा झेपेल तेवढंच कर. चार वर्षं कपात सोसलेल्या मला हे उत्तर पहिल्यापेक्षा खरं वाटलं. याचं मूळ हिब्रू शेकडो वर्षं हरवलं होतं. १८९६ मध्ये दोन स्कॉटिश बहिणींनी पूर्वेकडून आणलेलं एक पान केंब्रिजमध्ये सॉलोमन शेख्टर यांनी ओळखलं, आणि त्या पानाचा माग काढत ते कैरोला गेले. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराच्या, एका कोंदट खोलीत जुनी फाटकी कागदपत्रं शतकानुशतकं टाकलेली होती. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, हा नियम. त्या खोलीला गनिझा म्हणतात. शेख्टरांनी लाखाच्या वर तुकडे केंब्रिजला नेले. त्यात बेन सिरा होता. आणि त्याच खोलीत बाराव्या शतकात अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांची पत्रंही होती, मिरी, पितळ, कापड, उधारी. त्या पत्रांमधल्या बंदरांत ठाणं आहे. आमचं ठाणं. शहाणपणाचं पुस्तक आणि ठाण्याचा हिशेब एका रद्दीत शतकानुशतकं शेजारी पडून होते.

म्हणून शेवटी वाचकाला विनंती, आणि ती पुस्तकाबद्दलची नाही. बेने इस्रायलांतले बहुतेक लोक १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत, पेण-अलिबागेत त्यांची घरं दुसऱ्यांनी घेतली, ट्रंका शेजाऱ्यांकडे राहिल्या. तुमच्या माळ्यावर मागल्या पुठ्ठ्यापासून सुरू होणारं, एका पानावर चौकोनी अक्षरं आणि दुसऱ्यावर मराठी असलेलं पुस्तक सापडलं, तर ते काट्यावर चढवू नका. ठाण्याचं 'शाआर हशामायिम' हे सिनेगॉग १८७९ सालचं. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला कुणालाही विचारा. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नव्याचा सण आणि घटस्थापना एकाच सुमारास आल्या, तेव्हा नाक्यावर देवीच्या मांडवाची गर्दी होती आणि आत शिंग फुंकलं जात होतं. शनिवारी तिथं प्रार्थना असते, तेव्हा व्यवहाराचं काही काढू नका. रविवारी जा, डोकं झाका, आणि पुस्तक त्यांच्या हातात द्या.